ब्रेक डिस्क वाकली? नवी घेण्याआधी हे क्रमाने करा

बाइकचा पुढचा ब्रेक दाबला की लिव्हर बोटांना उलटा मारतो, हँडल थरथरतं, चाक हाताने फिरवलं तर एका ठरावीक जागी 'सर्र' करून घासतं. गॅरेजमध्ये याचं निदान एका वाक्यात होतं: "डिस्क बेंड आहे, बदलावी लागेल." मग डिस्क बदलली जाते, पैसे जातात आणि पंधरा दिवसांत थरथर परत येते. हे इतक्या जणांच्या बाबतीत पाहिलंय, की कुणी डिस्क बेंड झाली म्हटलं की मी आधी विचारतो, "मोजली का?"

बहुतेकांनी मोजलेली नसते. कुणी न मोजता बदलतं, कुणी हातोडीने ठोकून सरळ करायला जातं, तर कुणी डिस्क व्यवस्थित करून जाम झालेला कॅलिपर (डिस्कला पॅडच्या चिमटीत धरणारा भाग) तसाच परत बसवतं. तिन्ही चुका क्रम चुकल्यामुळे होतात. खिशात पैसे कमी असतील तर क्रम पाळायलाच हवा, कारण पहिल्या चार-पाच टप्प्यांना जवळजवळ काहीच खर्च नाही आणि बऱ्याच गाड्या तिथेच बऱ्या होतात.

खाली लिहिलेलं सगळं १०० ते २०० सीसीच्या रोजच्या वापरातल्या गाड्यांसाठी आहे. त्यांना पुढे एक डिस्क असते आणि पिनांवर सरकणारा कॅलिपर.

आधी हे पाहा: या खुणा दिसल्या तर गाडी चालवू नका

डिस्कच्या भोकापासून कडेकडे जाणारी केसासारखी तडा, बोल्टच्या भोकाभोवतीची चीर, नुसत्या डोळ्यांना दिसणारी घडी किंवा मुरड, आणि पॅडच्या लोखंडी पाट्यापर्यंत घासलेले पॅड. यातलं काहीही दिसलं तर सरळ करण्याचा विचार सोडा आणि थेट टप्पा ७ वर जा. तोवर गाडी ढकलत न्या, टेम्पोत टाका, पण पुढचा ब्रेक सोडवून 'मागच्यावर भागवतो' असं करू नका. गाडी थांबवण्याचं बहुतांश काम पुढचंच चाक करतं.

तयारी

लागणारं सामान साधं आहे: एलन कीचा चांगला सेट, पाने, वायर ब्रश, १२० नंबरचा पॉलिश पेपर, मार्कर, जुना टूथब्रश, सुतळी, आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा ब्रेक क्लीनरची बाटली. एलन कीवर पैसे वाचवू नका. गोल झालेल्या स्वस्त कीने बोल्टचं डोकं एकदा खराब झालं की तो काढायला लेथवाल्याकडे जावं लागतं आणि वाचवलेले पैसे तिथे जातात.

मोजण्यासाठी डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं हत्यार) आणि मॅग्नेट स्टँड असलं तर उत्तम. विकत घ्यायची गरज नाही. लेथच्या प्रत्येक दुकानात ते असतं. चाक डिस्कसकट नेऊन "जरा डायल लावून आउट (डिस्क किती डुलते ते) बघता का" म्हटलं तर कुणी नाही म्हणत नाही. जवळ लेथवाला नसेल तर घरी मोजायची युक्ती टप्पा ४ मध्ये आहे.

पुढचं चाक जमिनीपासून उचललेलं हवं. गाडी मेन स्टँडवर घ्या आणि इंजिनच्या खाली लाकडी ठोकळा सरकवा.

सावधान: ठोकळा किंवा जॅक सायलेन्सरच्या बेंडखाली लावू नका. आणि कॅलिपर काढलेला असताना लिव्हर दाबू नका, पिस्टन बाहेर येतो. दोन पॅडच्या मध्ये डिस्कच्या जाडीची लाकडी पट्टी घालून ठेवा, म्हणजे घरातल्या लहान मुलाने लिव्हर दाबला तरी नुकसान होणार नाही.

टप्पा १: थरथर नेमकी कुठली ते ओळखा

मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० च्या वेगाने जा. ब्रेक न लावता हँडल हलत असेल तर टायर, रिम किंवा कोन सेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) बघा, डिस्कचा संबंध नाही. ब्रेक हळू लावल्यावर लिव्हर ठेक्यात मारत असेल आणि वेग उतरेल तसा ठेका संथ होत असेल, तर खोट चाकाबरोबर फिरणाऱ्या वस्तूत आहे. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत जोरात ब्रेक मारल्यावर लिव्हरला बसणारे झटपट धक्के वेगळे. ते एबीएसचं काम चालू असल्याची खूण आहेत, दोष नाही. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. त्यामुळे जुनी गाडी विकून नवी घेतलेल्या माणसाचा हा गोंधळ हमखास होतो.

टप्पा २: बेअरिंग आणि कोन सेट

चाक वर आणि खाली धरून आलटून पालटून ढकला-ओढा. 'टक टक' जाणवली तर चाकाचं बेअरिंग गेलंय. मग शॉकअपचे दोन्ही पाय खालून धरून पुढे-मागे हलवा. इथे खेळ जाणवला तर कोन सेट ढिला आहे.

बेअरिंग खराब असताना डिस्क मोजण्यात अर्थ नाही. चाकच डुलत असेल तर सरळ डिस्कही वाकडीच दिसणार. बेअरिंग डिस्कपेक्षा स्वस्त असतं, ते आधी बदला आणि मग पुढे जा.

टप्पा ३: कॅलिपर मोकळा करा

इथे बऱ्याच जणांचं काम संपतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्या बहुतेक गाड्यांचा कॅलिपर एका बाजूच्या पिस्टनने दाबतो आणि दोन पिनांवर सरकून दुसरा पॅड ओढून घेतो. पिना मोकळ्या असतील तर डिस्क थोडी डुलली तरी कॅलिपर तिच्याबरोबर डुलतो आणि लिव्हरला कळतही नाही. पिना गंजून जाम झाल्या की तीच डिस्क पिस्टनला मागे ढकलते, पिस्टनमागचं ब्रेक ऑइल लिव्हरपर्यंत रेटलं जातं आणि बोटांना ठोके बसतात. वर एक पॅड कायम घासत राहतो, डिस्क तापते आणि खरोखरच वाकायला लागते. म्हणजे जाम पिन हे वाकण्याचं कारणही असू शकतं.

१. कॅलिपरचे बोल्ट काढा आणि कॅलिपर सुतळीने बांधून टांगा. ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू देऊ नका.
२. पॅड काढून आतला आणि बाहेरचा वेगळा ओळखता येईल अशी खूण करा. एक पॅड दुसऱ्याहून स्पष्ट जास्त झिजलेला असेल तर कॅलिपर सरकत नाही, हे तिथेच सिद्ध झालं.
३. पिना ओढून काढा, गंज पॉलिश पेपरने घालवा, रबराचे बूट फाटलेत का बघा. परत बसवताना सिलिकॉन ग्रीस लावा. चाकाच्या बेअरिंगचं साधं ग्रीस रबर फुगवतं आणि पिना महिन्याभरात पुन्हा अडकतात.
४. इथे, आणि फक्त इथेच, लिव्हर अगदी थोडा दाबून पिस्टन चार-पाच मि.मी. बाहेर आणा. त्याच्या उघड्या भागावरची घाण साबणाच्या पाण्याने आणि टूथब्रशने काढा, पुसून कोरडा करा आणि मगच अंगठ्यांनी मागे ढकला. घाणीसकट ढकलला तर आतलं रबरी सील कापलं जातं.
५. डिस्कच्या दोन्ही बाजू पॉलिश पेपरने गोल-गोल हलक्या हाताने घासा आणि अल्कोहोलने पुसा. तापलेल्या ब्रेकवर सिग्नलला लिव्हर दाबून उभं राहिलं की पॅडचं मटेरियल डिस्कवर एका जागी चिकटतं. तो डागही हुबेहूब वाकलेल्या डिस्कसारखाच मारतो.

सावधान: पॅडची पूड फुंकू नका, हवेच्या पाइपनेही उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि तोंडाला रुमाल बांधा. ब्रेक ऑइल टाकीच्या रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग सोलून निघतो.

तपासणी: सगळं बसवून, लिव्हर कडक होईपर्यंत पंप करून गाडी चालवून बघा. ठोके गेले असतील तर वाचन इथेच थांबवलं तरी चालेल.

टप्पा ४: डिस्क मोजा

डिस्क फिरताना डावी-उजवीकडे जितकी डुलते त्याला लेथवर काम करणारे 'आउट' म्हणतात. बाइकच्या पुष्कळ सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आउटची शेवटची मर्यादा ०.३ मि.मी. दिलेली असते, काही कंपन्या ०.१ ते ०.१५ मि.मी. एवढीच देतात. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. ०.३ मि.मी. म्हणजे किती? झेरॉक्सच्या ५०० कागदांच्या गठ्ठ्याची उंची साधारण ५ सेंटिमीटर भरते, म्हणजे एक कागद ०.१ मि.मी.चा. तीन कागद एकावर एक, एवढंच. नुसत्या डोळ्याने "वाकलीय" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, तसंच "सरळ आहे" म्हणणाऱ्यावरही ठेवू नका.

डायल गेज नसेल तर असं करा. लोखंडी एल-पट्टीच्या तुकड्याला वेल्डरकडून एक नट चिकटवून घ्या. त्यात ६ मि.मी.चा, म्हणजे १० नंबरच्या पान्याने फिरणारा लांब बोल्ट घाला आणि त्याचं टोक कानशीने गोल करा. पट्टी जुन्या ट्यूबचा तुकडा खाली ठेवून होज क्लिपने शॉकअपच्या खालच्या नळीवर घट्ट आवळा, म्हणजे बोल्टचं टोक डिस्कच्या बाहेरच्या कडेपासून पाचेक मि.मी. आत येईल. या बोल्टच्या आट्यांचं अंतर १ मि.मी. असतं. त्यामुळे बोल्ट एक पूर्ण फेरा फिरला की टोक बरोबर १ मि.मी. पुढे जातं, पाव फेऱ्याला ०.२५. डोक्यावर मार्करने एक रेघ मारली की झालं तुमचं मोजमाप.

१. डिस्कवर घड्याळासारख्या १२ खुणा करा आणि त्यांना नंबर द्या.
२. चाक हळू फिरवा. फिरवताना ते एकाच बाजूला हलकं दाबून धरा, म्हणजे बेअरिंगमधला बारीक खेळ मोजणीत येणार नाही.
३. टोक जेमतेम टेकेल तिथवर बोल्ट आत घ्या. जिथे पहिल्यांदा घासतं तो उंच भाग. तिथून बाकीच्या ११ खुणांवर थांबून बोल्ट टेकायला किती फिरवावा लागतो ते लिहून काढा. प्रत्येक वेळी बोल्ट पुन्हा पहिल्या जागी आणायला विसरू नका.
४. हीच मोजणी पुन्हा एकदा करा. दोन वेळचे आकडे जुळले नाहीत तर पट्टी हलतेय, ती आधी घट्ट करा.

आता आकडे वाचा. एकाच ठिकाणी दोन-तीन खुणांपुरता उंचवटा असेल तर डिस्कची कड तेवढ्या भागात वाकली आहे. ही बहुधा डिस्क लॉक (डिस्कच्या भोकात लावायचं कुलूप) न काढता गाडी पुढे घेतल्याची किंवा पंक्चरच्या दुकानात चाक डिस्कच्या बाजूने जमिनीवर पाडून त्यावर पाय दिल्याची खूण. एका बाजूला उंच आणि बरोबर समोर खोल, मधे हळूहळू बदल, असं असेल तर डिस्क तिरकी बसली आहे. तिथे दोष बहुतेक वेळा डिस्कच्या खालच्या बैठकीचा (चाकाच्या मधल्या भागावर, म्हणजे हबवर, डिस्क टेकते त्या जागेचा) निघतो. आणि दोन उंच, दोन खोल, आलटून-पालटून, म्हणजे तळलेल्या पापडासारखी मुरड, तर ती तापून वाकली आहे. अशी डिस्क हाताने सरळ होत नाही.

जाडीही मोजा. डिस्कवर 'मिन टीएच' असं लिहून कमीत कमी जाडी कोरलेली असते. व्हर्नियर सरळ कडेवर लावू नका. कडेला न झिजलेला ओठ राहिलेला असतो, तो जास्त जाडी दाखवतो. डिस्कच्या दोन्ही बाजूंना घासल्या जाणाऱ्या पट्ट्यावर जुन्या ड्रिलचे दोन सारखे तुकडे धरा, त्यांच्यासकट मोजा आणि त्यांची जाडी वजा करा. कोरलेल्या आकड्यापेक्षा कमी भरली तर डिस्क संपली, मग ती आरशासारखी सरळ असली तरी उपयोग नाही.

टप्पा ५: डिस्क काढा, बैठक साफ करा, एक भोक फिरवा

या टप्प्याने माझे स्वतःचे सर्वांत जास्त पैसे वाचवलेत, आणि गॅरेजमध्ये हा सर्वांत जास्त वेळा टाळला जातो.

चाक काढून डिस्क वर येईल असं दोन लाकडांवर ठेवा. एबीएसची गाडी असेल तर सेन्सरची खाचांची रिंग कशी बसली आहे त्याचा फोटो काढा, ती वाकू देऊ नका. बोल्टच्या डोक्यातली माती खिळ्याने कोरून काढा, एलन की हातोडीने ठोकून पूर्ण आत बसवा आणि मग फिरवा. बोल्टला कंपनीतून थ्रेडलॉकर (बोल्ट ढिला होऊ न देणारा डिंक) लावलेला असतो, त्यामुळे पहिला झटका जड जाणारच. हलत नसेल तर हॉट एअर गनने बोल्ट तापवा. गॅसची ज्योत अलॉय व्हील आणि बेअरिंगच्या सीलजवळ नेऊ नका.

काढण्याआधी मार्करने दोन खुणा करा: डिस्कच्या सर्वांत उंच जागी एक, आणि तिच्या लगतच, त्याच रेषेत, हबवर एक.

डिस्क निघाली की खाली बघा. मागे शेजारच्या एका मुलाच्या गाडीवर हेच केलं होतं. गॅरेजवाल्याने दुसऱ्यांदा नवी डिस्क सांगितली होती. हबच्या बैठकीवर, अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत, रंगाचा एक पापुद्रा उचलला गेलेला होता आणि त्याच्याखाली पांढरी बुरशी आली होती. हात फिरवला तर जेमतेम जाणवत होता.

एवढ्याशा पापुद्र्याने काय होतं ते मोजून दाखवतो. समजा बैठकीचा व्यास ७० मि.मी. आहे आणि पापुद्रा ०.१ मि.मी. जाड. डिस्क २४० मि.मी. व्यासाची, म्हणजे पल्सर १५० च्या कित्येक मॉडेलवर असायची तेवढी. बैठकीवरचा ०.१ चा तिरकेपणा डिस्कच्या कडेला २४० भागिले ७० पटींनी वाढतो. उत्तर ०.३४ मि.मी. डिस्क पूर्ण सरळ असूनही मर्यादेबाहेर! एक कागद खाली अडकला की एवढं होतं.

१. बैठक आणि डिस्कची आतली बाजू वायर ब्रशने, मग पॉलिश पेपरने साफ करा. धातू दिसेल इतपतच, खड्डा पाडू नका.
२. भोकांतला जुना थ्रेडलॉकर बोल्ट आत-बाहेर करून मोकळा करा.
३. डिस्क एक भोक पुढे फिरवून बसवा. बाहेरची बाजू बाहेरच राहू द्या, बाणाची खूण असेल तर ती पाळा.
४. बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने तीन फेऱ्यांत आवळा: आधी हाताने, मग अर्धे, मग पूर्ण. एकच बोल्ट आधी पूर्ण आवळला तर तुम्हीच डिस्क तिरकी बसवता.
५. पुन्हा १२ खुणांवर मोजा.

उंच जागा डिस्कवरच्या खुणेबरोबर सरकली तर दोष डिस्कमध्ये आहे. हबवरच्या खुणेपाशीच राहिली तर दोष हबमध्ये किंवा बैठकीत आहे, आणि नवी डिस्क लावूनही थरथर जाणार नाही. शेजारच्या मुलाची गाडी बैठक घासल्यावर सव्वा कागदावर आली. नवी डिस्क लागलीच नाही.

सावधान: तिरकी बैठक भरून काढायला डिस्कखाली कागद, पत्रा किंवा वॉशर घालू नका. बोल्टची पकड जाते.

टप्पा ६: डिस्क सरळ करणे, केव्हा आणि किती

इथवर आल्यावर दोष डिस्कमध्येच आहे, एकाच जागी उंचवटा आहे, आउट १ मि.मी.च्या आत आहे, तडा नाही आणि जाडी पुरेशी आहे, या सगळ्या अटी पूर्ण होत असतील तरच पुढे जा. यातली एक जरी अट बसत नसेल तर टप्पा ७. मधल्या बटणांवर हलणारी फ्लोटिंग डिस्क असेल तर घरी हात लावू नका.

बाइकची डिस्क कडक केलेल्या, न गंजणाऱ्या पोलादाची असते. तापवली की तिचं पाणी उतरतं, तो भाग मऊ पडून लवकर झिजतो आणि नव्याने वाकतो. हातोडीने ठोकली की जागोजागी चपटे डाग पडतात आणि भोकांपासून तडा सुरू होतात. म्हणून ज्योत नाही आणि हातोडीही नाही. थंड अवस्थेत, हळू दाबाने, मोजत-मोजतच काम करायचं.

हत्यार म्हणून फुटभर लांबीची जाड लोखंडी पट्टी घ्या आणि फॅब्रिकेशनवाल्याकडून तिच्या टोकाला डिस्कच्या जाडीपेक्षा किंचित मोठी खाच कापून घ्या. स्क्रू पानाही चालतो, पण जबड्यात तांब्याचा पातळ पत्रा किंवा जाड पुठ्ठा घाला.

१. चाक गाडीवर बसवलेलं, कॅलिपर टांगलेला, मोजपट्टी जागेवर ठेवा.
२. उंच भागाच्या अगदी मध्यावर खाच घाला आणि डिस्क आतल्या दिशेने सावकाश दाबा. मदतीला एकजण चाक धरायला हवा.
३. सोडा आणि मोजा. पहिल्यांदा काहीच फरक दिसणार नाही. पोलाद स्प्रिंगसारखं परत येतं. डायल लावलेली असेल तर हे स्पष्ट दिसतं: दाबताना काटा अर्धा मि.मी. जातो आणि सोडला की थेट जुन्या जागी येऊन थांबतो.
४. पुढच्या वेळी किंचित जास्त दाबा. दर वेळी सोडून मोजा. काटा परत येताना थोडा अलीकडे थांबला की समजा पोलादाने ऐकलं. तिथून दाब आणखी कमी-कमीच वाढवा.
५. उंचवट्याच्या मध्यावर काम झालं की दोन्ही बाजूंच्या खुणांवर हलका हात द्या.
६. आउट ०.१५ ते ०.२ च्या आत आला की थांबा, मॅन्युअलची मर्यादा याहून कडक असेल तर तिच्या आत आल्यावर. शून्याच्या मागे लागू नका. जास्त दाबून उलट्या बाजूला गेलात आणि परत आणलंत, असं एकाच जागी दोन-तीनदा झालं की पोलाद थकतं.

तपासणी: सरळ केलेल्या भागावर रॉकेल किंवा डिझेल लावा, दहा मिनिटांनी पूर्ण कोरडं पुसा आणि वर खडूची पूड भुरभुरा. तडा असेल तर तिच्यात राहिलेलं तेल पूड ओली करून बारीक रेघ उमटवतं. रेघ दिसली तर डिस्क भंगारात. दिसली नाही तर साबणाने दोनदा धुवा, अल्कोहोलने पुसा. तेलाचा अंश राहिला तर पॅड वाया जातील.

'ग्राइंडिंग करून देतो' याबद्दलही सांगायला हवं. सरफेस ग्राइंडिंगचं मशीन डिस्क चुंबकाने धरतं. चुंबक वाकलेली डिस्क ओढून सपाट करतो, दगड तिला घासतो, चुंबक बंद केला की डिस्क पुन्हा वाकते. पैसे गेले, वर जाडीही गेली. ग्राइंडिंगचा उपयोग डिस्क कुठे जाड, कुठे पातळ झाली असेल तरच, आणि तेव्हाही 'मिन टीएच'च्या वर जागा शिल्लक असेल तरच. तसा फरक मायक्रोमीटरने दिसतो. मि.मी.चे दोन-तीन शतांशही लिव्हरला ठोके द्यायला पुरतात.

टप्पा ७: बदलायचीच असेल तर स्वस्तात कशी

तीन वाटा आहेत. नवी कंपनीची, नवी पण दुसऱ्या मेकची, किंवा जुन्यातली.

दुसऱ्या मेकच्या डिस्क वाईटच असतात असं नाही. आपल्याकडच्या गाड्यांना कंपनीतूनच ब्रेक पुरवणारे कारखाने वाळूजला आणि चाकणला आहेत. ड्यूकच्या कॅलिपरवर दिसणारा 'बायब्रे' हा ब्रेम्बोचाच छोट्या गाड्यांसाठीचा ब्रँड. अशा पुरवठादारांच्या नावाने स्पेअर मिळतो का ते आधी विचारा. पुण्यात नाना पेठेतल्या दोन-तीन दुकानांत भाव काढल्याशिवाय घेऊ नका. ज्या डिस्कवर कमीत कमी जाडीच कोरलेली नाही, ती मी कधी घेणार नाही.

जुनी घ्यायची तर पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी, मुंबईत कुर्ल्याच्या भंगार दुकानांत मिळते. जाताना व्हर्नियर, ड्रिलचे दोन तुकडे आणि फुटभर जाड काच सोबत न्या. डिस्कची सपाट बाजू काचेवर ठेवून चारही बाजूंनी बोटाने दाबा. डुगडुगली तर परत करा. कडेखाली तीन कागदांची पट्टी कुठेही शिरली तरी परत करा. निळी-जांभळी झाक आलेली डिस्क तापलेली असते, ती फुकट मिळाली तरी नको. बोल्टची भोकं लांबट झालीत का हेही बघा.

व्यास, बोल्टची संख्या, मधल्या भोकाचा व्यास आणि डिस्कची खोली (बैठकीपासून कड किती आत-बाहेर आहे ती) या चारही गोष्टी जुन्या डिस्कशी जुळल्या पाहिजेत. एकाच नावाच्या गाडीत मॉडेल वर्षानुसार डिस्क बदलते. म्हणून तुमची जुनी डिस्क हातात घेऊनच दुकानात जा.

टप्पा ८: बसवणे आणि पॅड जुळवणे

बैठक परत एकदा पुसा. बोल्ट शक्यतो नवे घ्या. जुने वापरायचे तर आटे साफ करून निळा, मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर लावा. आवळण्याचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या आणि टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) अर्ध्या तासासाठी गॅरेजमधून मागून आणा.

वाकड्या डिस्कवर झिजलेले पॅडही तिरके झालेले असतात. काचेवर पॉलिश पेपर ठेवून, पाणी शिंपडून, पॅड आठ आकड्यात फिरवून सपाट करा. पॅडवरची झिजण्याची खाच संपली असेल तर मात्र नवे घ्या. पॅडच्या किमतीत डिस्क वाचते. ब्रेक ऑइल चहासारखं काळपट झालं असेल तर तेही बदला, टोपणावर लिहिलेल्या ग्रेडचंच. अर्धी उघडी पडून राहिलेली जुनी बाटली वापरू नका. हे तेल हवेतला ओलावा पितं. डीओटी ४ तेल ताजं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा शोषल्यावर ती हमी १५५ पर्यंत खाली येते.

सावधान: गाडी हलवण्याआधी लिव्हर दगडासारखा होईपर्यंत पंप करा. कॅलिपर काढून बसवल्यावर पहिल्या दोन-तीन दाबांना लिव्हर हँडलला टेकतो, ब्रेक लागत नाही. हे विसरून लोक गेटबाहेर पडतात आणि पहिल्याच वळणावर धडकतात.

रिकाम्या रस्त्यावर ताशी ४० वरून १० पर्यंत मध्यम ब्रेक लावा, सोडा, गाडी थोडी चालवा, पुन्हा. असं पंचवीस-तीस वेळा. या काळात पूर्ण थांबून लिव्हर धरून उभे राहू नका, गरम पॅडचा डाग तिथेच उमटतो.

शंभर किलोमीटर झाल्यावर डिस्कचे बोल्ट तपासा आणि बाराही खुणांवर पुन्हा मोजा. आकडे सर्व्हिसच्या वहीत तारखेसह लिहा. डिस्क लॉक वापरत असाल तर एक भडक दोरी लॉकपासून हँडलपर्यंत बांधायला आजपासून सुरुवात करा, आणि पंक्चर काढताना चाक डिस्क वर ठेवूनच जमिनीवर टेकवायला सांगा.